न दिलेला चार्ज

पुष्पे, तू गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी आपल्या ढाल्या आवाजांनी तोंड उघडलं नाही.

तुझ्या शोकसभेसाठी एक गाणं बसवायचं म्हणून आम्ही मंडळाच्या हॉलमध्ये जमलो होतो. एका बाजूला उंच आवाजाच्या बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष आणि मधे ढाल्या, म्हणजे खालच्या पट्टीत गाणाऱ्या तुझ्या सात जणी. मी पेटीवर सूर दिला, हात उचलला. उंच आवाज आले, पुरुष आले, आणि मधे नुसती पोकळी. मला वाटलं, रडू आवरत नसेल. पण रडत कोणीच नव्हतं. साऱ्याजणी रश्मीकडे बघत होत्या आणि रश्मी फरशीकडे.

"काय झालं?" मी विचारलं.

"मॅडम, मैं कैसे उठाऊँ?" ती म्हणाली. "मले चार्ज कोनी देलाच नाई."

मला आधी राग आला. तुला माहीतच आहे, मला पहिला रागच येतो, बाकीचं सगळं मागून येतं. आठ महिने ही मुलगी तुझ्या जागी उभी राहिली, रायपूरच्या स्पर्धेत हिनं ढाला गट सांभाळला, आणि आज हिला चार्ज आठवला! उचलली जीभ लावली टाळ्याला असं काहीतरी मी बोलणारच होते. पण तेवढ्यात कळलं की ती खरं बोलतेय. तो चार्ज तुझ्याकडून मागून तिला मिळवून देणं माझं काम होतं, आणि ते मी केलं नव्हतं.

चार्ज हे खूळ तुझंच. बारा वर्षांपूर्वी आपण सुरुवात केली तेव्हा वीस-बावीस जण एकाच घोळक्यात उभे राहायचो. कोणी पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हनमधून आलेला, कोणी तिथल्याच रेल मिलमधून, कोणाची बायको, कोणाची बहीण. ज्याचा घसा मोठा तो पुढारी, बाकीचे त्याच्या मागून. मी शाळेत संगीत शिकवणारी. चाळीस मुलं एका आवाजात गायला लावायची सवय, त्यामुळे मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. तू तेव्हा दुर्ग स्टेशनवर तिकिटाच्या खिडकीत बसायचीस. तिसऱ्या रविवारी मोहन नगरातून स्कूटीवर आलीस, अर्धा तास ऐकलंस आणि चपला घालताना म्हणालीस, "शैले, हे गानं होय का जनरल डब्बा? जो तो आपल्या दमानं घुसून राहिला."

पुढच्या रविवारी तूच तीन गट केलेस. उंच, ढाला आणि पुरुष. प्रत्येकाला एक इन्चार्ज. पुरुषांचे इन्चार्ज वानखेडे भाऊ, रेल मिलवाले. पण त्यांची एक आठवडा सकाळची शिफ्ट, एक दुपारची, एक रात्रीची. ते कधी असायचे, कधी नसायचे. इन्चार्ज नसला की गट पुन्हा मेंढरांसारखा. त्यावर तुझा तोडगा तयार होता. "खिडकीवरून उठताना आमाले चार्ज द्यावा लागते. कोनाले देला ते तोंडानं सांगून उठायचं. समोरच्यानं घेतला म्हनलं, तरच आपन मोकळे."

मी हसले होते. गाणं म्हणजे काय ड्यूटी आहे, असंही म्हणाले असेन. पण महिन्याभरात ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलं, कारण प्लांटमध्येही हेच चालतं. बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हे या गावात लहान पोरालाही कळतं. मग आपल्याकडे सगळ्यांसमोर मोठ्यानं व्हायचं, "पुरुषांचा चार्ज देला." "घेतला." ज्याच्याकडे चार्ज, त्यानं पहिला श्वास घ्यायचा. बाकीच्यांनी त्याच्या मागून.

आणि चार्ज देताना दोन मिनिटं बोलायचं, हाही नियम तूच घातलास. कोणाला खोकला झालाय, कोण दुसऱ्या कडव्यात अडखळतं, कोणाच्या सासूला दवाखान्यात ठेवलंय म्हणून तिला आज टोकायचं नाही. हे शेवटचं मला फालतू वाटायचं. मी घड्याळाकडे बघत बसायची. मग नागपूरला माझी आई वारली. तेरवी करून मी परत आले आणि हॉलमध्ये पाय ठेवला, तर कोणी एक शब्द विचारला नाही. तिन्ही गट उभे राहिले आणि मी न सांगता पाठ असलेलं सगळं एकामागून एक म्हणत गेले. मी नुसती पेटीशी बसून राहिले. तीन रविवार असेच गेले. पुढे वानखेडे भाऊंकडून कळलं, तू तिन्ही इन्चार्जना सांगून ठेवलं होतंस की मॅडमले काही मागू नका, नुसतं गात राहा. मी तुला धन्यवाद म्हटले नाहीत. आपल्यात तसं म्हणायची पद्धत नव्हती, पण म्हणायला हवं होतं.

भांडण मात्र आपण मनसोक्त केलं. इन्चार्ज कोणी व्हावं यावर तर बारा वर्षं. मी म्हणायची, ज्याचा आवाज सगळ्यांत पक्का त्यानं, कारण बाकीचे त्याला धरून चालतात. तू म्हणायचीस, "त्याले तं फक्त सोताच ऐकू येते. इन्चार्ज तो, ज्याले बाजूवालीचं ऐकू येते." हॉलच्या पायऱ्यांवर, फोनवर, एकदा तर कुरुदला कोणाच्या तरी बारशात पंगतीत बसून हेच. लोक म्हणायचे, या दोघींना दुसरा विषय नाही का. खरं तर नव्हताच. तुझ्या माझ्यात गाणं सोडून फार काही सारखं नव्हतं. तू माझ्या मराठीची टिंगल करायचीस. "तुह्यी पुस्तकातली मराठी," म्हणायचीस, "इस्तरी करून बोलते."

तुझ्या पद्धतीचा एकदा पार बोजवारा उडाला, ते आठवतं का? गणपतीतला कार्यक्रम. वानखेडे भाऊंची दुपारची शिफ्ट होती, म्हणून त्यांनी सकाळीच ढोके नावाच्या त्यांच्या मित्राला फोनवर चार्ज दिला. आयत्या वेळी प्लांटमध्ये बदली माणूस मिळाला आणि भाऊ स्टेजवर चढले तेच हेल्मेटचा वळ कपाळावर घेऊन. त्यांना बघून ढोकेंना वाटलं, आले, आता चार्ज यांचा. भाऊंना वाटलं, मी तर दिलेला आहे, परत मिळालेला नाही. पुरुषांची ओळ आली. भाऊ गप्प, ढोके गप्प, त्यांच्या मागे नऊ माणसं श्वास रोखून गप्प. पेटी आपली वाजतेय. समोर पहिल्या रांगेत मंडळाचे अध्यक्ष टाळीसाठी हात उचलून बसलेले. चार मात्रा गेल्या आणि तुझ्या ढाल्या बायकांनी पुरुषांची ओळ उचलली. अख्खं कडवं निभावून नेलंत. लोकांना वाटलं, असंच बसवलंय.

नंतर भाऊ कान धरून उभे होते. "म्या डोयानं खुनावलं होतं ना ढोकेले," ते म्हणाले.

"भाऊ, चार्ज तोंडानं द्यावा लागते, डोयानं नाई," तू म्हणालीस. हसत नव्हतीस. "मनातल्या मनात देलेल्या चार्जानं गाडी निघत नाई."

आता मुद्द्यावर येते. टाळून झालं बरंच.

गेल्या वर्षी माझ्या लक्षात आलं की ढाल्या गटाची डावी बाजू उतरतेय. तू मधे उभी असायचीस. तुझ्या उजवीकडच्या सुरात आणि डावीकडच्या जराशा खाली, आणि तुला ते कळत नव्हतं. पूर्वी केसाएवढा सूर हलला तरी तू मान न वळवता कोपरानं ढोसायचीस. मग एकदा रिक्षात मी तुझ्या डाव्या हाताला बसले, काहीतरी विचारलं, आणि तू बाहेर बघत राहिलीस. दोनदा विचारलं. तेव्हा मला समजलं की तुझा तो कान गेला. शिवाय माझी आणखी एक तक्रार होती. दुसऱ्या कडव्यात तुझा गट मागे पडतो, माझ्या हातावर येत नाही, ओढल्यासारखा येतो. तेही मी तुझ्या कानाच्याच माथी मारलं.

मला तुला सांगायचं होतं. जुनवानीहून, माझ्या घरून, मोहन नगरापर्यंत येताना रस्ताभर वाक्यं जुळवायची आणि तुझ्या घरी चहा पिऊन परत यायची. ऐकणं हाच ज्या बाईचा अभिमान, बारा वर्षं ज्यावर तिनं माझ्याशी वाद घातला, तिला कसं सांगू की तुझंच ऐकणं गेलंय? आणि मनात कुठेतरी मला बरंही वाटत होतं, पुष्पे. बघ, शेवटी आवाजच टिकतो, असं. ते वाटलेलं मला दिसलं आणि त्याचीच लाज जास्त वाटली.

मग स्पर्धेच्या महिनाभर आधी मी ग्रुपवर यादी टाकली. उंच अमुक, पुरुष वानखेडे भाऊ, ढाला रश्मी. खाली लिहिलं, नवीन लोकांना संधी मिळावी म्हणून. पाठवलं आणि फोन उलटा ठेवला. तुझा अंगठा आला. बाकी काही नाही.

रश्मीचा आवाज खरंच पक्का. कुरुदहून येते, बँकेत नोकरी करते, घरी आजीशी मराठी आणि बाकी जगाशी हिंदी. मी जसा इन्चार्ज मागत होते तसाच. पण त्या रविवारी मी तुला पुढे बोलावून "पुष्पा, चार्ज दे" असं म्हणायला हवं होतं, ते मी केलं नाही. तुझ्याकडे बघायची हिंमत नव्हती. मी थेट सूर दिला आणि हात उचलला. तू रांगेच्या डाव्या टोकाला जाऊन उभी राहिलीस, भिंतीला लागून. मला वाटलं, रुसली. राहू दे थोडे दिवस, येईल ताळ्यावर.

पंधरा दिवसांनी तू मला घरी बोलावलंस. तांदळाच्या पिठाचा फरा केला होतास, शेजारच्या साहूबाईनं शिकवलेला, वरून तिळाची फोडणी. दोन वाट्या माझ्यासमोर आल्या आणि तू विचारलंस, "शैले, मले कावून काढलं ते सांग."

"काढलं नाही गं. नवीन लोकांना..."

"मले कावून काढलं ते सांग."

"सांगितलं ना. रश्मीला संधी..."

"बरं," तू म्हणालीस. "खाय. थंडा होऊन राहिला."

मी खाल्ला. चांगला झालाय असंही म्हणाले. तेवढ्या वेळात तू मला पुन्हा एक संधी देत होतीस, हे कळत असून मी वाटी पुसून घेतली. त्यानंतर तू कधी विचारलं नाहीस. दर रविवारी यायचीस, डाव्या टोकाला उभी राहायचीस, माझ्याशी भाजी, गुडघे, सून सगळं बोलायचीस. मी मनात म्हणायची, सवड काढून सांगू एकदा नीट. मंगळवारी सकाळी तुझ्या लेकाचा फोन आला. आठ वाजता तू अंगणात कपडे वाळत घालत होतीस आणि साडेआठला नव्हतीस. मी आले तेव्हा तुला खाली ठेवलं होतं. मी तुझ्या डाव्या कानाशी वाकले आणि मग उठून उजवीकडे गेले. तिथेही काही बोलता आलं नाही. भोवती तुझ्या नणंदा होत्या.

तर रविवारी रश्मी म्हणाली की चार्ज तिला कोणी दिलाच नाही. मी पेटीचा भाता बंद केला आणि तिला विचारलं, तू पुष्पाकडे चार्ज मागितला नव्हतास का?

"माँगा था ना, मॅडम. पहिल्याच दिवशी. तुमी लिस्ट टाकली ना, त्याच संध्याकाळी काकूचाच फोन आला. म्हने, पोरी, तू मधात उभी राह्यजो. माहा डावा कान गेला. मी डाव्या टोकाले राहीन, म्हनजे साऱ्याजनी माह्या उजव्या कानात येतीन. कोन उतरून राहिली ते मी तुले नंतर सांगत जाईन." रश्मीनं रांगेचं डावं टोक दाखवलं. "हर संडे बताती थीं. घरी पोचल्यावर फोन यायचा. मी चार्ज मागितला तं म्हने, देतो, पन आधी शैलानं मले कारन सांगावं. खोटं सांगून मागितला तं मी कसा देऊ? तोवर तू माह्याच चार्जावर उठवत राह्यजो."

तुझी जुनी बोली तिच्या तोंडून तशीच आली, नागपूरकडच्या बायका "देतो" म्हणतात तशी. तू रुसून उभी नव्हतीस. तू काम करत होतीस, आठ महिने, कोणी न सांगता. आणि तुला कारण माझ्या आधीपासून माहीत होतं. ते मी बोलावं एवढंच तुला हवं होतं.

मग मी बोलले. सगळ्यांसमोर. तुझ्यासमोर बोलायचं होतं ते तुझ्या सात जणींसमोर बोलले. की तिचा कान गेला होता म्हणून मी तिला काढलं, ते तिला सांगायचा मला धीर झाला नाही, मी खोटं कारण दिलं आणि चार्ज न मागता तिची जागा दुसरीला दिली. रश्मीनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आपको बताना चाहिए था." रागानं म्हणाली. कोणी तिला गप्प केलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

"यापुढे," मी म्हणाले, "कोणाचं काही चुकत असेल तर तोंडावर सांगायचं. माझंसुद्धा."

हे मी उगाच म्हटलं होतं, पुष्पे. शेवटी काहीतरी बोलून बसायचं म्हणून बोलतो तसं. पण वानखेडे भाऊंनी घसा साफ केला.

"मंग आताच सांगतो, मॅडम. वाईट नका वाटून घेऊ. तुमचा हात पयते."

"काय?"

"दुसऱ्या कडव्यापासून तुमी धावता. दोन सालापासून. उंचवाल्या तुमच्या मागं धावतात, आमीबी धावतो. फक्त ढाल्याच धरून ठेवत होत्या. पुष्पाताईनं सांगून ठेवलं होतं आमाले. म्हने, शैलाले सांगू नका, तिले लागंल. आपनच लय धरू, लोकायले समजनार नाई."

मी रश्मीकडे बघितलं. तिनं मान हलवली. उंच आवाजाच्या बायका आपापल्या वह्यांत बघत होत्या. सगळ्यांना माहीत होतं.

म्हणजे तूही. माझ्याकडून खरं कारण यावं म्हणून आठ महिने अडून बसलीस, आणि माझ्याशी मात्र दोन वर्षं गप्प राहिलीस. मी म्हणत होते, पुष्पाचा गट मागे ओढतो. तू मागे ओढत नव्हतीस, मी पुढे पळत होते आणि तू मला धरून ठेवत होतीस. ज्या तक्रारीवर मी तुला काढलं, त्यातली अर्धी माझीच होती. मला तुझा राग आला, खरं सांगते. तुझ्या घरी येऊन तुझ्याशी भांडावं असा राग आला आणि मोहन नगरात आता भांडायला कोणी नाही हे त्यामागून आठवलं. तिथे मला रडू आलं. पाच दिवसांत पहिल्यांदा.

भाऊंनी पाणी आणून दिलं. मी प्यायले आणि त्यांना म्हटलं, हात तुम्ही द्या. ते नको नको म्हणत पेटीपाशी येऊन उभे राहिले. मी पेटी सोडून ढाल्या बायकांत गेले, रश्मीच्या शेजारी. माझी पट्टी खालची नाही, पण तिथेच उभं राहावंसं वाटलं. कारण सांगून झालं होतं, म्हणून रश्मीनं पहिला श्वास घेतला आणि पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्याच्या आधी भाऊंचा हात वर गेला, रश्मीनं श्वास घेतला, आणि तिचा श्वास पुरा व्हायच्या आत हॉलमध्ये एकच आवाज घुमला. माझा.

कोणी हसलं नाही. सगळे थांबले. तू असतीस तर गुपचूप माझ्या आवाजाखाली आवाज घातला असतास आणि मला कधी कळूही दिलं नसतंस.

"मॅडम," रश्मी मान न वळवता म्हणाली, "आप पहले आ गईं."

"हो," मी म्हटलं. "परत घे."

तिनं पुन्हा श्वास घेतला. मी थांबले, आणि तिच्या मागून सुरू केलं.